मिश्र खत तेच, मग एका टोमॅटोला लागू पडतं आणि दुसऱ्याला का नाही?

नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, टोमॅटोच्या लागणी सुरू झाल्या की एकच प्रश्न सगळीकडं ऐकू येतो, "तुमचा डोस काय?" समोरचा सांगतो दहा-सव्वीस-सव्वीसच्या एवढ्या बॅगा, युरिया एवढा, वरून हे नि ते, आणि ऐकणारा तोच डोस घरी नेऊन आपल्या प्लॉटला टाकतो. पण त्यानं एक गोष्ट विचारलेलीच नसते, की तुमचा वाण कोणता. माझ्या मते सगळा घोळ तिथंच आहे, आणि हा लेख त्या एका न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

आमच्याच शेतात एका सीझनला शेजारी शेजारी वीस-वीस गुंठ्यांत दोन वाण लावले होते. लागण एकाच आठवड्यातली, ठिबक एकच, पाणी एकाच विहिरीचं, बेसल, म्हणजे लागणीच्या वेळचा, डोस एकाच ताडपत्रीवर कालवलेला (आमच्याकडं त्याला भेसळ डोसच म्हणतात, आणि चार बॅगा फोडून फावड्यानं खालीवर करताना तो शब्द अगदी पटतो). महिना-दीड महिन्यानं बघितलं तर एक प्लॉट माजलेला, पाला काळपट हिरवा, पेरं लांब लांब, बांधणीला सुतळी पुरेना, आणि फुलं मात्र गळून मल्चिंगवर पडलेली. दुसरा प्लॉट दिसायला छान, फळांनी लगडलेला, पण चौथ्या तोड्यापासून खालची पानं कडेनं पिवळी-करपट व्हायला लागली, फळ बारीक पडलं आणि प्लॉट बसला. खत एकच दिलेलं. एकाला ते जास्त झालं, दुसऱ्याला ऐन वेळी कमी पडलं. त्या दिवसापासून मी डोस विचारायच्या आधी वाण विचारतो.

आता मुळापासून बघू. बॅगेवर जे आकडे असतात, समजा १०:२६:२६, ते अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के. म्हणजे ५० किलोच्या बॅगेत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. डीएपी म्हणजे १८:४६:०, त्यात पालाश अजिबात नाही. १२:३२:१६ मध्ये तिन्ही आहेत पण पालाश स्फुरदाच्या निम्मं. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं, ठिबकमधून सोडायचं. युरिया ४६ टक्के नत्र, बॅग ४५ किलोची, म्हणजे एका बॅगेत साधारण पावणेएकवीस किलो नत्र. एवढं पाठ असलं की दुकानदारानं कोणतंही नाव सांगितलं तरी आपण मनात हिशोब करू शकतो.

बोलताना आपण सगळ्यालाच मिश्र खत म्हणतो पण त्यात दोन जाती आहेत. एक संयुक्त खत, ज्याच्या प्रत्येक दाण्यात तिन्ही अन्नद्रव्यं असतात, १०:२६:२६ हे तसलं. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या खतांचे दाणे नुसते एकत्र केलेले, कारखान्यात केलेले असोत नाहीतर आपल्या ताडपत्रीवर. या दुसऱ्या प्रकारात एक अडचण डोळ्यांनी बघता येते. डीएपीचा दाणा टपोरा आणि पोटॅश, म्हणजे पालाशाचं खत, बारीक, चुऱ्यासारखं लालसर. बादलीत भरून बेडवरून चालायला लागलात की हिंदकळून बारीक पोटॅश खाली जातं आणि टपोरे दाणे वर येतात. मग बेडच्या सुरुवातीच्या झाडांना डीएपी जास्त, शेवटच्या झाडांना पोटॅश जास्त. पुढं त्याच बेडवर झाडं उंच-सखल दिसली की आपण रोपवाटिकेवर खापर फोडतो. आणि युरिया नि सुपर फॉस्फेट एकत्र करून रात्रभर ठेवलं तर सकाळी ढीग ओलसर, चिकट झालेला असतो, तो मग हातातून नीट सुटतच नाही. कालवायचं असेल तर त्याच दिवशी टाकून मोकळं व्हायचं.

बरं, हे झालं खताचं. आता वाणाकडं येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे.

टोमॅटोचं उत्पन्न म्हणजे शेवटी तीन गोष्टींचा गुणाकार. झाडाला फुलांचे गुच्छ किती आले, प्रत्येक गुच्छात फळं किती सेट झाली, आणि एका फळाचं वजन किती भरलं. खत या तिन्हींवर वेगवेगळ्या वेळी काम करतं. स्फुरद सुरुवातीला मुळांसाठी आणि पहिले गुच्छ लवकर लागण्यासाठी, नत्र झाडाचा सांगाडा आणि पानांसाठी, बोरॉन परागनलिका वाढून फळ धरण्यासाठी, पालाश फळ भरायला आणि रंगाला. पण मुळात गुच्छ किती लागणार, झाड किती दिवस चालणार, फळ ६० ग्रॅमचं होणार की १०० ग्रॅमचं, याची कमाल मर्यादा वाण ठरवतो. खत फार तर त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोचवतं, त्याच्या पुढं नाही.

एक जुनं उदाहरण घेऊ. पुसा रुबी हा दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा जुना सरळ (म्हणजे संकरित नसलेला) वाण, त्याचं उत्पन्न हेक्टरी ३० टनांच्या आसपास धरतात. आणि अर्का रक्षक हा बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित वाण, पर्णगुच्छ म्हणजे लीफ कर्ल व्हायरस, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देणारा, त्याची क्षमता हेक्टरी ७५ ते ८० टन सांगितलेली आहे. आता एक टन टोमॅटो तयार व्हायला पिकाला ढोबळमानानं अडीच ते तीन किलो नत्र लागतं आणि पालाश त्याहूनही जास्त. म्हणजे ३० टनांच्या पिकाची नत्राची गरज ९० किलोच्या आत, आणि ७५ टनांच्या पिकाची दोनशेच्या आसपास. दोघांना एकच डोस दिला तर कुणावर तरी अन्याय होणारच. कमी क्षमतेच्या वाणाला जास्त घातलं तर तो जास्तीचं नत्र फळात नाही, पाल्यात घालतो. पाला दाट झाला की हवा खेळत नाही, करपा येतो, फळ मऊ पडतं आणि गाडीत टिकत नाही.

म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारससुद्धा दोन वेगळ्या आकड्यांत आहे. सरळ, सुधारित वाणांना हेक्टरी २००:१००:१०० किलो नत्र, स्फुरद, पालाश आणि संकरित वाणांना ३००:१५०:१५०. (गरजेपेक्षा आकडा जास्त दिसतो कारण टाकलेलं सगळं झाडाला मिळत नाही, काही वाहून जातं, काही हवेत जातं, स्फुरद तर जमिनीतच अडकून बसतं.) आता हे एकरात आणि बॅगांत करून बघू. संकरितला एकरी १२०:६०:६० पडतं. १०:२६:२६ चे २३० किलो टाकले, म्हणजे साडेचार बॅगांच्या थोडं वर, तर स्फुरद आणि पालाश दोन्ही साठ-साठ किलो पूर्ण होतात आणि नत्र फक्त २३ किलो मिळतं, राहिलेलं ९७ किलो नत्र युरियातून द्यायचं तर साधारण पावणेपाच बॅगा, त्याही हप्त्याहप्त्यानं. सरळ वाणाला एकरी ८०:४०:४०, तिथं १०:२६:२६ च्या तीन बॅगा आणि युरियाच्या तीन बॅगा एवढ्यात जवळपास काम होतं. शेजाऱ्याचा संकरितचा डोस बघून सरळ वाणाला टाकला तर एकरी ४० किलो नत्र जादा जातं, म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन बॅगा निव्वळ पाला वाढवायला.

आणि हाच स्फुरद डीएपीतून दिला तर? १३० किलो डीएपीत ६० किलो स्फुरद येतो, वर २३ किलो नत्र, पण पालाश शून्य. मग पोटॅशच्या दोन बॅगा वेगळ्या आणाव्या लागतात, आणि बरेच जण इथंच हात आखडता घेतात. डीएपीनं सुरुवातीला झाड जोरात येतं, रंग काळा होतो, माणूस खूश होतो, आणि पालाशाची कमी दिसते ती तिसऱ्या-चौथ्या तोड्याला, जेव्हा फळाचे खांदे पिवळे राहतात आणि रंग एकसारखा चढत नाही. तोपर्यंत कारण आणि परिणाम यांच्यात दोन महिने गेलेले असतात, त्यामुळं दोष भलत्यालाच लागतो.

संकरित आणि सरळ एवढाच फरक असता तरी सोपं होतं. पण संकरितमध्येसुद्धा झाडाची वाढायची पद्धत वेगवेगळी असते. काही वाण झुडपी, म्हणजे ठरावीक उंची झाली की शेंडा फुलातच संपतो, बहुतेक फळं थोड्या दिवसांत एकदम येतात. काही वाण वाढतच जातात, तारेवर चढवले की महिनोन्‌महिने वर फूल, मध्ये हिरवं फळ, खाली लाल फळ असं सगळं एकाच वेळी चालू. पहिल्या प्रकाराची पालाशाची मागणी तीन-चार आठवड्यांत एकदम उसळते, त्या वेळी नसेल तर नंतर देऊन उपयोग नाही. दुसऱ्या प्रकाराला तेवढंच पालाश थोडं थोडं पण शेवटपर्यंत पाहिजे. म्हणजे एकूण किलो सारखे असले तरी वेळापत्रक वेगळं. आमचे ते दोन प्लॉट आठवतायत ना? माजलेला प्लॉट वाढतच जाणाऱ्या जातीचा होता, त्याला सुरुवातीचं नत्र जास्त झालं. बसलेला प्लॉट एकदम फळं धरणारा होता, त्याला पालाश हवं होतं तेव्हा आम्ही दोघांना सारखं म्हणून १९:१९:१९ च सोडत राहिलो. तिथं १३:०:४५ किंवा ०:०:५० पाहिजे होतं. साधी गोष्ट होती पण कळायला एक सीझन गेला.

फळाच्या आकाराचाही संबंध आहे आणि हे फार कमी जण लक्षात घेतात. लांबट, अंड्याच्या आकाराच्या वाणांत फळाचं बूड काळं पडण्याचा त्रास जास्त, चेरी टोमॅटोत तो क्वचितच दिसतो. कारण कॅल्शियम. ते पाण्याबरोबर देठातून फळात येतं आणि बुडापर्यंत पोचता पोचता कमी पडतं, फळ लांब असेल तर अजूनच. आता मिश्र खताचा इथं काय संबंध, तर अमोनियाच्या रूपातलं नत्र आणि भरपूर पालाश दोन्ही मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतात. म्हणजे गोल फळाच्या वाणाला जो डोस बिनबोभाट चालतो तोच लांबट वाणाला बूडकाळं घेऊन येऊ शकतो, विशेषतः पाणी कधी जास्त कधी कमी होत असेल तर. तोलताना झाडावरचा माल सारखाच भरेल, पण निवडल्यावर विकण्याजोगे कॅरेट (माल भरायचे क्रेट) कमी निघतील. म्हणून उत्पन्न म्हटलं की मी नेहमी विचारतो, एकूण माल की बाजारात गेलेला माल? खताचा फरक पुष्कळदा दुसऱ्या आकड्यातच दिसतो.

कॅल्शियमवरून एक गोष्ट सांगतो, घरी करून बघा. एका काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, दुसऱ्यात १२:६१:०. दोन्ही पाणी स्वच्छ दिसेल. आता एकात एक ओता. पाणी दुधासारखं पांढरं गढूळ होतं आणि थोड्या वेळानं तळाला साका बसतो. तो साका म्हणजे कॅल्शियम आणि स्फुरद एकमेकांना धरून बसलेले, झाडाला दोन्ही मिळत नाहीत, वर ड्रिपर चोक होतात ते वेगळंच. सल्फेट असलेल्या खताबरोबरही तसंच. म्हणून कॅल्शियमचा दिवस वेगळा ठेवायचा. चांगल्या चांगल्या शेड्यूलमध्ये हे दोन एकाच टाकीत लिहिलेले मी बघितलेत आणि वाईट वाटतं.

जमिनीचं पण असंच आहे. आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा वर असतो, तिथं स्फुरद कॅल्शियमला चिकटून पडतो, जस्त आणि लोह उपलब्ध होत नाही. १०:२६:२६ मध्ये गंधक नाही, जस्त नाही, बोरॉन नाही. जमिनीत गंधक कमी असेल तर तिन्ही आकडे कितीही वाढवा, झाड गंधकापाशीच अडणार, जसं सगळा स्वयंपाक तयार आहे पण पंगतीत मीठच नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच असला तरी ११ टक्के गंधक आणि भरपूर कॅल्शियम फुकटात मिळतं, म्हणून मला ते टोमॅटोसाठी बरं वाटतं. हे सगळं कळायचा मार्ग म्हणजे माती परीक्षण. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात, त्यात गंधक, जस्त, लोह, बोरॉन सगळं येतं. बोरॉनच्या बाबतीत तर तपासल्याशिवाय हात लावूच नये, कारण कमी आणि विषारी यांच्यातलं अंतर फार थोडं असतं.

नेमक्या याच प्रश्नावर इथिओपियात बरंच काम झालंय, आणि त्यांची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. तिथं वर्षानुवर्षं खत म्हणजे डीएपी आणि युरिया, बस्स. २०१२ च्या सुमारास त्यांनी देशभरच्या मातीचा नकाशा करायला घेतला, तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी गंधक, बोरॉन, जस्त, कुठं कुठं पालाशसुद्धा कमी आहे. मग डीएपीच्या जागी नत्र १९, स्फुरद ३८, गंधक ७ टक्के असं खत आणलं, काही भागांसाठी त्यात बोरॉन घातलं, आणि त्याच मिश्रणांचे कमी-जास्त डोस वेगवेगळ्या पिकांवर, त्यात टोमॅटोच्या वेगवेगळ्या वाणांवर टाकून बघितले. तिकडं मेल्कासा नावाचं संशोधन केंद्र आहे, मेल्काशोला, मेल्कासाल्सा वगैरे टोमॅटोचे वाण तिथलेच.

अशा चाचणीत शास्त्रज्ञ नुसतं कोणतं खत चांगलं किंवा कोणता वाण चांगला एवढंच बघत नाहीत. ते तिसरी गोष्ट बघतात, खत आणि वाण यांची जोडी. समजा, आकडे फक्त समजण्यापुरते घेतो, अ वाण खताशिवाय एकरी ८०० कॅरेट देतो आणि खतानं १२०० वर जातो, आणि ब वाण खताशिवायच ९०० देतो पण खतानं फक्त ९८० वर जातो. सरासरी काढली तर खतानं २४० कॅरेट वाढ, झकास. पण अ वाल्याला ४०० मिळाले आणि ब वाल्याला ८०, कदाचित खताचा खर्चही निघाला नाही. दोन रेषा कागदावर काढल्या तर त्या समांतर जात नाहीत, एकमेकींना छेदतात, आणि ती छेदणारी जागा म्हणजे या सगळ्या अभ्यासाचा गाभा. जिथं रेषा समांतर असतात तिथं शेजाऱ्याचा डोस खुशाल घ्यावा. जिथं छेदतात तिथं सरासरी आकडा कुणाच्याच कामाचा नाही. शिवाय प्रत्येक रेषा कुठंतरी सपाट होते, पहिल्या बॅगेला जेवढे कॅरेट वाढतात तेवढे तिसरीला वाढत नाहीत आणि पाचवीला बहुधा उलटे कमी होतात. हे सपाट होणं कमी क्षमतेच्या वाणात लवकर येतं, जास्त क्षमतेच्या वाणात उशिरा.

आणि काही वेळा रेषा हलतच नाही. उन्हाळ्यात दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं, रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात, फूल गळतं, मग बोरॉन मारा नाहीतर पालाश सोडा. व्हायरस आलेल्या झाडाचंही तेच. तिथं खतावर पैसे घालू नयेत, उन्हाळी लागणीला उष्णता सोसणारा वाण निवडणं हेच उत्तर.

आपल्या रानात हे तपासायला कुठल्या विद्यापीठाची गरज नाही. दरवर्षी चार-पाच बेड बाजूला काढायचे, बांधाकडचे नाहीत, मधले, कारण कडेच्या झाडांना ऊन नि वारा जास्त मिळतो आणि ती उगीच जास्त फळतात. एका बेडला नेहमीचा डोस, एकाला पाऊण, एकाला नेहमीच्यात गंधक-पालाश वाढवून, आणि जमलं तर हेच दुसऱ्या वाणावरही, एकेक बेड दोनदा ठेवलात तर अजून चांगलं. बाकी पाणी, फवारणी, बांधणी सगळं सारखं. प्रत्येक तोड्याला त्या बेडचे कॅरेट वेगळे ठेवायचे, २० किलोनं मोजायचे, फेकलेला माल वेगळा तोलायचा, आणि वहीत तारीख घालून लिहायचं. आम्ही आता बांबूला रंगीत चिंध्या बांधतो, लाल म्हणजे नेहमीचा डोस, पिवळी म्हणजे पाऊण, कारण तोडणीला येणाऱ्या बायकांना चिंधी लगेच दिसते आणि माल मिसळत नाही. गेल्या खेपेला त्यांच्यातल्याच एका मावशींनी सहाव्या तोड्याला मला हाक मारून सांगितलं की पिवळ्या चिंधीच्या बेडवर फळ थोडं कमी आहे पण फेकायला काहीच निघत नाही. वही उघडून बघितलं तर कॅरेटच्या रकान्यात खरंच तसंच लिहिलेलं होतं.